दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

आबांचा फोन आला तेव्हा ती रेकॉर्ड माझ्यासमोर स्टँडवर उभी होती. नुकतीच धुतलेली. खालच्या कडेला पाण्याचा एक थेंब अजून लोंबत होता.

"श्रीशैल, पेटी नेलीस म्हणं?"

"व्हय आबा. बुरशी धरलीया बघा. तुम्ही दवाखान्यातनं येस्तोवर समद्या धुऊन ठेवतो. गुडघा कसा हाय?"

"गुडघा मरू दे. ऐक. बाकीच्या धू, काय करायचं ते कर. त्या निळ्या कव्हरच्या रेकॉर्डला तेवढं पाणी लावू नको."

माझ्या हातात मखमलीचं फडकं होतं. ते मी हळूच टेबलावर ठेवलं.

"का ओ आबा?"

पलीकडे दवाखान्यात कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, ते ऐकू आलं.

"त्यात माझ्या मोनाचं बोट हाय," आबा म्हणाले. "चार वर्षाची हुती. काकवी खाता खाता आली आणि फिरत्या रेकॉर्डवर बोट टेकवलं. तिच्या आईनं पदरानं पुसलं, पण राईएवढं राहिलं ते राहिलं. म्होरल्या वर्षी कावीळ झाली पोरीला. गेलीच. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात टिकटिक करतं बघ, ते तिचं हाय. सात बार." मग एकदम आवाज चढवून, "पाणी लावलं न्हाईस न्हवं?"

"न्हाय आबा," मी म्हणालो. "न्हाय लावलं."

फोन ठेवला आणि मग मला घाम फुटला. बाहेर जानेवारीची संध्याकाळ, कोल्हापुरात चांगली थंडी पडलेली, आणि माझ्या शर्टाची पाठ ओली.

आता हे आबा कोण आणि मी त्यांच्या रेकॉर्डी का धूत बसलो होतो, ते सांगायला हवं. विजयसिंह आबा शहात्तर वर्षांचे. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या गल्लीत माडीवर राहतात, सोबत धाकटी मुलगी स्वप्नालीताई. बायको जाऊन दहा वर्षं झाली. तरुणपणी आबा मालवाहू जहाजावर इंजिनीअर होते. जहाज इंग्लंडच्या बंदराला लागलं की बाकीचे लोक काय काय करायचे ते करोत, हा पेठेतला गडी रेकॉर्डच्या दुकानात शिरायचा. सत्तरच्या दशकातल्या विलायती रॉक बँडांच्या चाळीस रेकॉर्डी त्यांनी एका लाकडी पेटीतून घरी आणल्या. पेठेत त्या काळी या गाण्यांना लोक काय म्हणत असतील याची कल्पना करा.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर लोखंडी कास्टिंगं उलटीसुलटी करून त्यातले दोष शोधायचे हा माझा धंदा, आणि घरी आल्यावर रेकॉर्डींचे. नवीन छापलेल्या रेकॉर्डी मला नको असतात. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात तो नमुना, नवा असतो तेव्हा कास्टिंगच्या कडा कशा लखलखीत येतात, आणि झिजला की बोथट, रेकॉर्डचंही तसंच. धातूच्या साच्यातून ती छापतात. साचा नवा असताना निघालेल्या पहिल्या प्रतींत झांजेची जी किणकिण असते, ती पुढच्या हजारोंत राहत नाही. म्हणून मला फर्स्ट प्रेस लागते. ती ओळखायची खूण म्हणजे लेबलाच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले बारीक आकडे. ते मी फौंड्रीतल्या भिंगानं वाचतो. पवित्रा, माझी बायको, म्हणते की तिच्या चेहऱ्याकडे मी इतक्या जवळून कधी पाहिलेलं नाही. खरं असेल.

आबांची निळ्या कव्हरची रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी पहिल्या साच्याची आहे. बँडचं नाव मी सांगणार नाही, सांगितलं तर उद्या रेकॉर्डींच्या नादातले चार लोक आबांच्या जिन्यात उभे राहतील. सहा वर्षं मी दर गुरुवारी कामावरून सुटल्यावर आबांकडे जातो. बाकीच्या एकोणचाळीस ते माझ्या हातात देत. निळी कधीच नाही. ती स्वतः काढायची, स्वतः लावायची, स्वतः आत ठेवायची. "मी गेल्यावर तूच घे," असं मात्र दोनदा म्हणालेले. दोनदा, मी मोजलंय.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आलं की ती टिकटिक यायची. गिटार अगदी हळू झालेली असते आणि नेमकी तिथेच. टिक. टिक. सात वेळा, आणि मग पुन्हा स्वच्छ. माझे दात आंबायचे. त्या वेळी आबांचं बोट खुर्चीच्या हातावर वाजायचं. मला वाटायचं, त्यांनाही माझ्यासारखाच त्रास होतोय.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आबा दवाखान्यात गेले आणि स्वप्नालीताईंनी मला बोलावून ती पेटी हातात दिली. "आबा यायच्या आत साफ करून द्या की. खूश होतील. आणि त्या एकीतली टिकटिक जात असली तर तेवढी काढा बाई, ऐकून ऐकून डोकं उठलंय." थोरल्या बहिणीचा फोटो त्यांच्या भिंतीवर आहे, मोना नावाची, दोन वेण्यांची. ताईंच्या जन्माआधी ती गेली. टिकटिकीचं आबांनी ताईंना कधी सांगितलं नसणार.

मी आबांना एक फोन करायला हवा होता. आबा निळीला कुणाला हात लावू देत नाहीत हे मला सहा वर्षं माहीत होतं. फोन केला नाही, कारण केला असता तर ते नको म्हणाले असते. साधी गोष्ट आहे. मला ती हातात हवी होती.

आणि हातात आल्यावर मी काय केलं, तर माझं सगळं कसब दाखवलं. आधी नियमाप्रमाणे पूर्ण रेकॉर्ड वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, धुण्याआधीचा आणि नंतरचा आवाज आमच्या रेकॉर्डवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात टाकायची पद्धत आहे म्हणून. मग भिंगाखाली तो डाग सापडला. तपकिरी, राईएवढा. किड्याची घाण असावी असं मला वाटलं. कोमट डिस्टिल्ड वॉटर, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. डाग विरघळला आणि पाण्यात चहासारखा रंग उतरला. ते पाणी मी मोरीत ओतलं. ओतताना शीळ घालत होतो, हेही सांगून टाकतो.

त्या रात्री जेवण गेलं नाही. पवित्रानं विचारलं, मी अॅसिडिटी म्हणालो. आबांच्या फोनआधीच मी धुण्याआधीचा आवाज आणि धुतलेल्या रेकॉर्डचा फोटो ग्रुपात टाकला होता, लोकांना फार आवडलं होतं. अंगठ्यांवर अंगठे. एकानं लिहिलं, आता ही अगदी कोरी झाली, म्हाताऱ्याकडून लवकर काढून घे. मी दोन्ही डिलीट केलं आणि मग मला वाटलं, डिलीट केल्याचं पण सगळ्यांना दिसतंय.

गुरुवारी फौंड्रीत एका ब्रॅकेटला तडा होता, तो मी पास केला. सुपरवायझर धावत आला. "श्रीशैल, ह्यो तडा आंधळ्याला दिसंल की रं! कुठं ध्यान हाय?" अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. मी माफी मागितली आणि पुढचं कास्टिंग उचललं. पण डोक्यात दिवस मोजणं चाललं होतं. रविवारी सकाळी आबांना घरी सोडणार. आल्याआल्या ते काय मागतील हे सांगायला नको.

भीती नेमकी कशाची होती, ते मी स्वतःला विचारलं. आबांचं काय होईल याची होतीच. माणसाकडे मेलेल्या पोरीचं एवढंच उरलेलं, आणि ते मी मोरीत ओतलेलं. पण तिच्या शेजारी दुसरी भीतीही बसली होती, की आता ती रेकॉर्ड मला मिळणार नाही. ही दुसरी भीती लक्षात आली तेव्हा मला माझीच किळस आली. गेली मात्र नाही ती.

मग मला सुचलं. शुक्रवारी सुचलं, पार्किंगमध्ये गाडीवर बसल्या बसल्या. डाग काकवीचा होता ना? मग काकवी लावू. जागा मला ठाऊक होती, धुण्याआधीचं रेकॉर्डिंग होतं माझ्याकडे. कुठल्या सुराला पहिली टिक, कुठल्या सुराला सातवी, सगळं सेकंदासकट. टाचणीच्या टोकानं एवढासा थेंब, रेकॉर्डच्या सात रेघांवर, की झालं. आबांना कळणारही नाही.

तसा मी गाडी काढून सरळ कुरुंदवाडच्या बाजूला गेलो. तिथे माझ्या मामांच्या ओळखीचं गुऱ्हाळ चालू होतं. दुकानातली बाटलीतली काकवी चालली नसती का? चालली असती. पण मी असा माणूस आहे की खोटं करायचं तरी माल अस्सल हवा. गुऱ्हाळावरचा माणूस म्हणाला, "पावणं, बसा की, रस घ्या," आणि मी उभ्याउभ्या छोटी बाटली भरून घेतली, चोरीचा माल घेतल्यासारखी.

शनिवारी सुट्टी होती. पवित्रा माहेरच्या एका बारशाला गेलेली, घरी मी आणि आमची रक्षिता. ती साडेचार वर्षांची आहे. ती बाहेर रंगाच्या वहीत रमली होती. मी दार लोटून एका भंगार रेकॉर्डवर आधी प्रयोग केला. टाचणीनं थेंब ठेवला, वाळवला, वाजवलं. टिक. टिक. टिक. आठ आल्या. दुसऱ्या खेपेला पाच. तिसऱ्या खेपेला बरोबर सात. हुबेहूब.

निळी काढली. भिंग लावलं. टाचणी काकवीत बुडवली आणि जागेवर आणली, आणि तिथेच हात थांबला. टाचणीनं केलेली टिकटिक आबा ऐकणार, डोळे मिटून ऐकणार, आणि त्यांना वाटणार पोरगी आली. निदान बोट तरी खरं असावं, असा एक विचार वर आला. चार वर्षांच्या पोरीचं बोट. तेव्हा तो मला फार शहाणपणाचा वाटला. बोट टेकवून घेऊ, पुसून काढू, राईएवढं ठेवू. जसं झालं होतं तसंच सगळं.

"रक्षिता," मी हाक मारली. "हिकडं ये बाळ."

ती दारात आली. टेबलावरची रेकॉर्ड तिनं पाहिली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ये की. हितं बोट लाव बघू."

ती आली नाही. खालचा ओठ पुढे आला. "मी न्हाय हात लावला, अप्पा," ती म्हणाली. "खरंच न्हाय लावला. मी बाहीर हुतो. न्हाय लावला मी."

गेल्या दिवाळीत तिनं माझ्या एका रेकॉर्डवर तेलकट हात ठेवला होता. मी किती ओरडलो होतो ते मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. मी गुडघ्यावर बसून तिला जवळ घ्यायला गेलो, तर ती मागे सरकली आणि रडत रडत तेच म्हणत राहिली, न्हाय लावला, न्हाय लावला. बुधवारी फोनवर मीही असाच म्हणालो होतो. ती खरं बोलत होती, एवढाच फरक.

तिला शांत करायला अर्धा तास लागला. ती बाटलीतली काकवी आम्ही दोघांनी चपातीशी खाल्ली.

रविवारी अकरा वाजता पेटी घेऊन मी आबांचा जिना चढलो. अठरा पायऱ्या आहेत. आबा खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर, गुडघ्याला जाड पट्टी. दवाखान्यातून वाळल्यासारखे होऊन आले होते. स्वप्नालीताई चहा टाकायला आत गेल्या.

"आलास? बस. निळी हाय न्हवं तशीच?"

जिना चढताना मी चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"आबा, मी धुतली ती. तुमचा फोन यायच्या आधीच धुतली हुती. खोटं बोललो मी. डाग गेला."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते ओरडतील अशी माझी तयारी होती. पेठेतला माणूस, चिडला तर खालच्या चौकात आवाज जातो. ते ओरडले नाहीत.

"कुणी सांगितलं धुवायला?"

आतून कपबशांचा आवाज येत होता. "कुणी न्हाय," मी म्हणालो. "माझीच हौस. इचारायला पायजे हुतं, इचारलं न्हाय."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. त्यांना कळलं असावं.

"आबा, धुण्याआधीचं रेकॉर्डिंग हाय माझ्याकडं." मी घाईघाईनं फोन काढला. "समदं आलंय त्यात. साती टिका. एकदम स्वच्छ उतरलंय, पायजे तेव्हा ऐकता येईल. तुमच्या फोनवर घालून देतो."

"नक्कल?" आबा म्हणाले.

मी फोन खाली घेतला.

"सहा वर्सं तू मला ह्या खुर्चीत बसून काय शिकवलंस रं? मूळ ती मूळ, म्हणालास. साचा तोच, गाणं तेच, तरी म्होरली छापलेली ती न्हवं, म्हणालास. मला पटत नव्हतं. म्हटलं, पोराला येड लागलंय. आवाज तर त्योच हाय की." ते थांबले, दम लागला होता. "आता पटलं बघ."

त्यांनी हात पुढे केला. मी निळी रेकॉर्ड कव्हरातून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाला धरली, तिरकी केली, अंगठ्यानं दुसऱ्या बाजूवर एका जागी अगदी हळू चाचपलं. मी कुणालाही असं करू दिलं नसतं. तिथे काही नव्हतं.

"लाव," ते म्हणाले. "तिसरं."

सहा वर्षांत पहिल्यांदा आबांच्या घरी ती रेकॉर्ड मी लावली. सुई टेकवली. गाणं सुरू झालं, आणि खरं सांगतो, इतकं सुंदर ते कधी वाजलं नव्हतं. झांजा, श्वास, बोटं तारेवर घासल्याचा आवाज, सगळं. मला ते ऐकू येत होतं याचीच लाज वाटली.

गिटार हळू झाली. आबांनी डोळे मिटले. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर उठलं आणि नेमक्या सुराला खाली आलं. एक. रेकॉर्ड एक फेरा फिरली. दोन. तीन. त्यांचा अंदाज तसूभर चुकत नव्हता. मी मनात मोजत होतो. सहा. सात.

आठ.

मला वाटलं चुकून झालं. नऊ. दहा. आजवर टिकटिक थांबली की बोट थांबायचं, आता थांबवायला काही नव्हतं. गिटार पुन्हा जोरात आली, ड्रम आले, आणि आबांचं बोट त्याच संथ लयीत वाजत राहिलं.

स्वप्नालीताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. दारातच थांबून त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आबा, टिकटिक गेली की ओ! किती साफ वाजालंय!" माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, आबा खूश होतील?"

आबांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"व्हय," ते म्हणाले. "लई साफ झालंय. चहा दे त्याला."

मी कप घेतला. गाणं संपेपर्यंत तो तसाच हातात धरून बसलो, आणि आबांचं बोट वाजत होतं.